'प्रॉब्लेम' आणि त्याचे पर्याय : इंग्रजीतील अडचणवाचक शब्दांचा अर्थविचार व उपयोजन

गोषवारा

इंग्रजीतील 'प्रॉब्लेम' हा शब्द आज मराठी भाषकांच्या बोलण्यात इतका रुळला आहे की अडचण, प्रश्न, संकट, हाल, पेच, कटकट अशा अनेक मराठी शब्दांची जागा तो एकटा घेताना दिसतो. याच सवयीमुळे मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी लिहितानाही प्रत्येक प्रकारच्या अडचणीसाठी हा एकच शब्द वापरतो. प्रस्तुत लेखात या शब्दाची व्युत्पत्ती, त्याच्या प्रमुख पर्यायांमधील अर्थभेद, वाक्यातील त्यांची जडणघडण आणि मराठीच्या प्रभावामुळे होणाऱ्या चुका यांचा विचार केला आहे. पर्यायशब्द हे एकमेकांच्या जागी ठेवण्यासाठी नसून अडचणीचे स्वरूप ओळखण्यासाठी असतात, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

बीजशब्द : पर्यायशब्द, शब्दसाहचर्य, अर्थछटा, मातृभाषेचा प्रभाव, इंग्रजी अध्यापन.

१. प्रास्ताविक

ग्रामीण भागातील महाविद्यालयात इंग्रजी शिकविणाऱ्या प्रत्येक अध्यापकाला एक वाक्य परिचयाचे असते : 'ड्यू टू सम प्रॉब्लेम आय वॉज ॲबसंट.' रजेचा अर्ज असो, शुल्क भरण्यास मुदत मागणारे पत्र असो वा परीक्षेचा अर्ज उशिरा भरण्याची विनंती असो, कारणाच्या जागी 'सम प्रॉब्लेम' हे दोनच शब्द येतात. फार तर त्याचे 'फॅमिली प्रॉब्लेम' होते.

काही वर्षांपूर्वी कला शाखेच्या द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीने उपस्थितीत सवलत मिळावी म्हणून असाच अर्ज प्रस्तुत लेखकाकडे दिला होता. कारण अस्पष्ट आहे असा शेरा मारून तो अर्ज बाजूला ठेवण्यात आला. पुढे चौकशी केल्यावर कळले की तिची आई आजारपणाने अंथरुणाला खिळली होती आणि घर चालविण्यासाठी ती विद्यार्थिनी दोन महिने कापूस वेचणीला जात होती. हीच हकीकत तिने मराठीत चार वाक्यांत, कोठेही न अडखळता सांगितली. इंग्रजीत मात्र त्या सर्व हकीकतीचे 'सम प्रॉब्लेम' झाले होते. चूक केवळ तिची नव्हती. त्या दोन शब्दांच्या मागे काय आहे हे विचारण्याची तसदी अध्यापकानेही आधी घेतली नव्हती.

या प्रसंगातून एक भाषिक प्रश्न उपस्थित होतो. इंग्रजीत अडचणवाचक शब्दांची वानवा नाही. 'डिफिकल्टी', 'ट्रबल', 'हार्डशिप', 'ऑब्स्टकल', 'डिलेमा', 'इश्यू', 'चॅलेंज' असे अनेक शब्द विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकात वाचलेले असतात. 'समानार्थी शब्द लिहा' या प्रश्नात ते त्याने पाठही केलेले असतात. तरीही प्रत्यक्ष लेखनात ते उतरत नाहीत, आणि उतरले तर चुकीच्या जागी उतरतात. असे का होते, आणि अध्यापनात त्यावर काय करता येईल, याचा शोध घेणे हे या लेखाचे उद्दिष्ट आहे.

२. पर्यायशब्द : संकल्पनेचा विचार

समानार्थी शब्दांची यादी म्हणजे परस्परांच्या जागी बसणाऱ्या शब्दांची यादी, असा समज आपल्या अध्यापनात खोलवर रुजलेला आहे. इंग्रजीतील कोशपरंपरा मात्र हा समज मान्य करीत नाही. हेस्टर लिंच पिओझी यांनी १७९४ मध्ये आणि जॉर्ज क्रॅब यांनी १८१६ मध्ये इंग्रजी पर्यायशब्दांवर जे ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांचा हेतूच मुळी जवळच्या शब्दांतील भेद उलगडून दाखविणे हा होता. पीटर मार्क रॉजे या वैद्यकाने १८५२ मध्ये प्रसिद्ध केलेला 'थिसॉरस' आज समानार्थी शब्दांचा खजिना म्हणून ओळखला जातो. पण त्याची रचना वर्णानुक्रमाने नसून कल्पनांच्या वर्गीकरणाने केलेली होती. मनात कल्पना आहे, पण नेमका शब्द सापडत नाही, अशा लेखकाला मदत व्हावी हा त्यामागील हेतू होता. निवड करणे हे काम लेखकाचेच राहते.

विसाव्या शतकात जे. आर. फर्थ यांनी शब्दाचा अर्थ त्याच्या सोबतीने येणाऱ्या शब्दांतूनही कळतो हा विचार मांडला. जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली बर्मिंगहॅम येथे तयार झालेला आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला 'कोबिल्ड' कोश हा प्रत्यक्ष वापरातील इंग्रजीच्या संगणकीय संग्रहावर आधारलेला होता. कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या सोबतीने येतो, ही माहिती अशा संग्रहांमुळे हाताशी आली.

आपल्याकडे हा विचार अपरिचित नव्हता. दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास होऊन गेलेल्या कुंतकाने 'वक्रोक्तिजीवित' या ग्रंथात 'पर्यायवक्रता' हा स्वतंत्र प्रकार मानला. एका अर्थाचे अनेक शब्द उपलब्ध असताना विवक्षित अर्थ नेमका सांगणारा शब्द निवडणे, यात कवीचे कौशल्य असते असे त्याचे म्हणणे आहे. कुंतकाचे विवेचन काव्यापुरते असले तरी रजेच्या अर्जालाही ते लागू पडते असे म्हणावयास हरकत नाही.

३. 'प्रॉब्लेम' : व्युत्पत्ती आणि मूळ अर्थ

'प्रॉब्लेम' हा शब्द मूळ ग्रीक आहे. 'प्रो' म्हणजे पुढे आणि 'बॅलेइन' म्हणजे फेकणे, यांपासून तो सिद्ध झाला आहे. पुढे टाकलेली किंवा पुढे आलेली वस्तू हा त्याचा शब्दशः अर्थ. त्यावरून अडसर आणि समोर ठेवलेला प्रश्न अशा दोन्ही अर्थांनी तो ग्रीकमध्ये वापरला जाई. लॅटिन व फ्रेंच भाषांमधून चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो इंग्रजीत आला, तो प्रामुख्याने 'उत्तरासाठी समोर ठेवलेला अवघड प्रश्न' या अर्थाने. गणितात हा अर्थ आजही टिकून आहे. डेव्हिड हिल्बर्ट यांनी १९०० मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय गणित परिषदेच्या निमित्ताने जे २३ प्रश्न गणितज्ञांपुढे ठेवले, ते याच अर्थाने 'प्रॉब्लेम्स' होते.

मराठीत 'प्रॉब्लेम'साठी आपण 'समस्या' हा संस्कृत शब्द योजतो. त्याची व्युत्पत्ती पाहिली तर एक लक्षणीय साम्य आढळते. 'सम्' हा उपसर्ग आणि 'अस्' म्हणजे फेकणे हा धातू, यांपासून 'समस्या' हा शब्द झाला आहे. एकत्र टाकणे, जोडणे हा त्याचा मूळ भाव. श्लोकाचा एखादा चरण देऊन उरलेला श्लोक पूर्ण करावयास सांगणे, याला 'समस्या' म्हणत आणि तो पूर्ण करण्याला 'समस्यापूर्ती'. 'अमरकोशा'तही हा शब्द आलेला आहे. म्हणजे एका भाषेत 'पुढे टाकलेले' आणि दुसऱ्या भाषेत 'एकत्र टाकलेले', पण दोन्हीकडे कोणीतरी काहीतरी समोर ठेवले आहे आणि ऐकणाऱ्याने त्याची पूर्तता करावयाची आहे, ही अपेक्षा समान आहे.

यावरून 'प्रॉब्लेम' या शब्दाचा गाभा स्पष्ट होतो. ज्याचे उत्तर असू शकते, किंवा निदान ज्याचे उत्तर शोधले पाहिजे, तो 'प्रॉब्लेम'. उत्तर सापडले नसले तरी शब्दाचा रोख उत्तराकडेच असतो. पुढील सर्व पर्यायांचे वेगळेपण या एका कसोटीवर तपासता येते.

४. प्रमुख पर्याय आणि त्यांच्या अर्थछटा

४.१ डिफिकल्टी. लॅटिनमध्ये 'फॅसिलिस' म्हणजे करण्यास सोपे, आणि त्याचा नकार म्हणजे हा शब्द. येथे भर उत्तरावर नसून कृतीवर आहे. एखादे काम करताना जो अवघडपणा जाणवतो तो 'डिफिकल्टी'. गणित हा 'प्रॉब्लेम' असतो, तर ते सोडविताना विद्यार्थ्याला जे जड जाते ती 'डिफिकल्टी'. एकच उदाहरण एकाला अवघड आणि दुसऱ्याला सोपे असू शकते, परंतु दोघांपुढील 'प्रॉब्लेम' एकच असतो.

४.२ ट्रबल. लॅटिनमधील 'गढूळ, ढवळलेले' या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे हा शब्द आला. शांत पाणी ढवळावे तशी स्वस्थता बिघडणे, हा त्यातील भाव. म्हणून 'इंजिन ट्रबल' म्हणजे यंत्रातील बिघाड, आणि 'टू बी इन ट्रबल' म्हणजे स्वतः गोत्यात येणे. 'टू टेक द ट्रबल' या प्रयोगाला मराठीत 'तसदी घेणे' हा अगदी चपखल प्रतिशब्द आहे. 'आय हॅव अ प्रॉब्लेम' आणि 'आय ॲम इन ट्रबल' यांतील फरक विद्यार्थ्यांना स्पष्ट करून सांगणे आवश्यक आहे. पहिल्या वाक्यात प्रश्न माझ्यासमोर आहे, दुसऱ्यात मी संकटाच्या आत आहे.

४.३ ऑब्स्टकल, इम्पेडिमेंट, स्नॅग. हे तीनही शब्द वाटचालीशी संबंधित आहेत. 'ऑब्स्टकल' म्हणजे शब्दशः वाटेत उभे असलेले, म्हणजेच अडथळा. 'इम्पेडिमेंट'मध्ये लॅटिनमधील 'पाय' या अर्थाचा शब्द दडलेला आहे. पायात बेडी अडकावी तसे जे अडकविते ते 'इम्पेडिमेंट'. बोलण्यातील दोषाला 'स्पीच इम्पेडिमेंट' म्हणतात ते याच कारणाने. 'स्नॅग' म्हणजे नदीच्या पाण्याखाली बुडालेले झाडाचे खोड किंवा फांदी. नाव चांगली चालली असताना अकस्मात जे लागते ते. म्हणून योजना ठरल्यानंतर ऐनवेळी उद्भवलेल्या लहानशा अडचणीला हा शब्द शोभतो. दुष्काळाला तो शोभणार नाही.

४.४ हार्डशिप. हा मूळ इंग्रजी घडणीचा शब्द. दारिद्र्य, उपासमार, दीर्घ आजार, विस्थापन यांमुळे माणसाच्या वाट्याला येणारे कष्टप्रद जीवन त्यातून सूचित होते. येथे उत्तर शोधण्यापेक्षा सोसणे प्रमुख आहे. मराठीतील 'हाल', 'हालअपेष्टा' हे त्याचे सर्वांत जवळचे शब्द होत. आर्थिक साहाय्यासंबंधीच्या इंग्रजी लेखनात 'फिनान्शियल हार्डशिप' हा शब्दप्रयोग रूढ आहे. प्रास्ताविकात उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीच्या अर्जात नेमका हाच शब्द हवा होता.

४.५ डिलेमा आणि प्रेडिकमेंट. 'डिलेमा' हा ग्रीक तर्कशास्त्रातील शब्द. दोन पर्याय आहेत आणि दोन्ही नकोसे आहेत, अशी कोंडी म्हणजे 'डिलेमा'. मराठीत 'धर्मसंकट' किंवा 'इकडे आड तिकडे विहीर' असे आपण म्हणतो. केवळ मोठी अडचण म्हणजे 'डिलेमा' नव्हे. निवडीचा प्रसंग असेल तरच तो शब्द वापरावा. 'प्रेडिकमेंट' हा शब्द मूळचा ॲरिस्टॉटलच्या 'पदार्थ' या तात्त्विक संज्ञेचा लॅटिन अनुवाद होता. पुढे 'स्थिती' आणि त्यावरून 'अवघड स्थिती' असा त्याचा अर्थ झाला.

४.६ इश्यू आणि चॅलेंज. 'इश्यू' याचा मूळ अर्थ बाहेर पडणे. ग्रंथालयातून पुस्तक 'इश्यू' होते किंवा नियतकालिकाचा 'इश्यू' निघतो, तेव्हा हाच अर्थ असतो. न्यायालयात वादाचा मुद्दा या अर्थाने तो रूढ झाला आणि तेथून सार्वजनिक चर्चेचा विषय असा त्याचा विस्तार झाला. अलीकडच्या काही दशकांत 'प्रॉब्लेम' म्हणणे कठोर वाटते म्हणून 'हेल्थ इश्यूज' असे सौम्य प्रयोग वाढले आहेत. 'चॅलेंज' या शब्दाचा प्रवास तर आणखी दूरचा आहे. लॅटिनमधील 'खोटा आरोप' या अर्थाच्या शब्दापासून तो आला, मग आव्हान झाला, आणि आता कार्यालयीन भाषेत अडचणीचे शोभिवंत नाव झाला आहे. मात्र ज्याच्यात आव्हान पेलण्याची शक्ती आहे त्याच्याच संदर्भात तो योग्य ठरतो. पूरग्रस्ताच्या वाहून गेलेल्या घराला 'चॅलेंज' म्हणणे हे सौजन्य नसून असंवेदनशीलता आहे.

४.७ अरुंदपणाची प्रतिमा. अडचणवाचक शब्दांत आणखी एक प्रतिमा अनेक भाषांत आढळते, ती अरुंद जागेची. संस्कृतमध्ये 'संकट' म्हणजे मुळात अरुंद, दाटीचे. मराठीत 'अडचण' हा शब्द आजही जागेच्या दाटीसाठी वापरला जातो. 'सामानाची अडचण झाली' असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत 'स्ट्रेट' म्हणजे चिंचोळी सामुद्रधुनी, आणि 'इन डायर स्ट्रेट्स' म्हणजे बिकट अवस्थेत. 'अँग्विश' या शब्दाच्या मुळाशीही लॅटिनमधील 'अरुंद' हाच अर्थ आहे. अडचण म्हणजे श्वास घेण्यास जागा न उरणे, हा अनुभव भाषांच्या सीमा ओलांडतो.

५. उपयोजन : वाक्यरचना आणि मराठीचा प्रभाव

अर्थभेद कळला तरी वाक्यात शब्द बसविताना विद्यार्थी अडतो. येथे होणाऱ्या चुका बहुधा निष्काळजीपणाच्या नसून मराठीच्या रचनेतून आलेल्या असतात. त्यांपैकी प्रमुख चुका पुढीलप्रमाणे :

(अ) गणनीयता. 'प्रॉब्लेम' हे गणनीय नाम आहे. म्हणून 'अ प्रॉब्लेम' किंवा 'प्रॉब्लेम्स' असे म्हणावे लागते. मराठीत उपपद नसल्याने आणि 'प्रॉब्लेम' हे रूप मराठीत दोन्ही वचनी तसेच राहत असल्याने विद्यार्थी 'आय हॅव प्रॉब्लेम' असे लिहितो. उलट 'ट्रबल' बहुधा अगणनीय असते. 'मच ट्रबल' चालते, 'मच प्रॉब्लेम' चालत नाही. 'डिफिकल्टी' दोन्ही प्रकारे वापरता येते.

(आ) शब्दयोगी अव्ययांचा प्रभाव. मराठीत 'समस्येवर उपाय' असतो, म्हणून विद्यार्थी 'सोल्यूशन ऑन द प्रॉब्लेम' लिहितो. इंग्रजीत 'सोल्यूशन टू द प्रॉब्लेम' हवे. त्याचप्रमाणे 'समस्येविषयी चर्चा' यावरून 'डिस्कस अबाउट द प्रॉब्लेम' येते. 'डिस्कस' या क्रियापदाला 'अबाउट'ची गरज नसते.

(इ) क्रियापदाची निवड. मराठीत अडचण 'येते', म्हणून 'प्रॉब्लेम केम' असे वाक्य तयार होते. इंग्रजीत अडचण 'अराइज' होते किंवा 'ऑकर' होते, नाहीतर माणूस तिला 'फेस' करतो. मराठीत अनुभव घेणारी व्यक्ती 'मला' अशा चतुर्थी रूपात येते, तर इंग्रजीत तीच व्यक्ती कर्ता होते. हा फरक अडचणवाचक वाक्यांत सतत आडवा येतो.

(ई) 'प्रश्न' या शब्दाची द्व्यर्थता. मराठीत 'प्रश्न' म्हणजे विचारलेला प्रश्नही आणि समस्याही. 'शेतकऱ्यांचे प्रश्न' याचे भाषांतर म्हणून 'क्वेश्चन्स ऑफ फार्मर्स' असे लिहिले जाते. त्याचा इंग्रजी वाचकाला होणारा बोध शेतकऱ्यांनी विचारलेले प्रश्न असा आहे. येथे 'प्रॉब्लेम्स' हवे. मात्र ऐतिहासिक वादांच्या नावांत 'क्वेश्चन' हा शब्द इंग्रजीतही समस्येच्या अर्थाने येतो, ही मर्यादित सवलत लक्षात ठेवावी.

(उ) कृदन्त रचना. 'हॅव डिफिकल्टी' आणि 'हॅव ट्रबल' यांच्यापुढे क्रियापदाचे 'इंग' रूप येते : 'शी हॅड डिफिकल्टी पेइंग द फी.' विद्यार्थी येथे 'टू पे' लिहितो, कारण मराठीतील 'भरायला' या रूपाशी त्याला 'टू पे' जवळचे वाटते.

(ऊ) संवादातील सूर. 'व्हॉट इज द प्रॉब्लेम?' ही साधी विचारपूस आहे, पण 'व्हॉट इज युअर प्रॉब्लेम?' हे वाक्य विशिष्ट सुरात भांडणाचे ठरते. मराठीतील 'तुझा प्रॉब्लेम काय आहे?' यालाही तोच सूर लागला आहे. आभारांना उत्तर म्हणून 'नो प्रॉब्लेम' म्हणणे अनौपचारिक बोलण्यात चालते, मुलाखतीत वा पत्रव्यवहारात ते टाळावे.

शब्दसाहचर्याच्या बाबतीत मात्र मराठीचा प्रभाव अडसर न ठरता साहाय्यक ठरू शकतो. मराठीत आपण समस्या सोडवितो, अडचण दूर करतो, अडथळा पार करतो, हाल सोसतो, आव्हान पेलतो आणि संकट टळते. 'हाल सोडविले' किंवा 'अडथळा सोसला' असे कोणताही मराठी विद्यार्थी म्हणणार नाही. इंग्रजीतही असेच आहे. 'प्रॉब्लेम' हा 'सॉल्व्ह' होतो, 'डिफिकल्टी' व 'ऑब्स्टकल' यांच्यावर 'ओव्हरकम' करून मात केली जाते, 'हार्डशिप' ही 'एन्ड्युअर' केली जाते, 'डिलेमा' हा 'रिझॉल्व्ह' होतो आणि 'चॅलेंज' हे 'मीट' केले जाते. क्रियापद बदलले की अडचणीपुढील माणसाची भूमिका बदलते. विद्यार्थ्याला हे ज्ञान मातृभाषेतून आधीच प्राप्त झालेले असते. त्याची जाणीव करून देणे एवढेच अध्यापकाचे काम उरते.

६. शब्दनिवड आणि दृष्टिकोन

अडचणीला कोणते नाव दिले जाते यावर तिच्याकडे पाहण्याची दृष्टी अवलंबून असते, हे काही सुपरिचित उदाहरणांवरून दाखविता येईल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा अर्थशास्त्रीय ग्रंथ १९२३ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी : इट्स ओरिजिन अँड इट्स सोल्यूशन' असे आहे. रुपयाच्या चलनविषयक अवस्थेला येथे संकट वा दुर्दशा म्हटलेले नाही. ती समस्या आहे, तिला उगम आहे आणि तिला उत्तर आहे. शीर्षकातील तीन नामे मिळून 'प्रॉब्लेम' या शब्दाचा संपूर्ण अर्थ उलगडतात. अध्यापकाने हा शब्द शिकविताना यापेक्षा चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही.

याच्या उलट, माणसांच्या समूहालाच 'प्रॉब्लेम' ठरविले गेले तर काय होते याचे उदाहरण अमेरिकेच्या इतिहासात सापडते. तेथे कृष्णवर्णीयांच्या स्थितीचा उल्लेख दीर्घकाळ 'नीग्रो प्रॉब्लेम' असा होत असे. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या ग्रंथाच्या आरंभीच, आपल्याकडे एक समस्या म्हणून पाहिले जाण्याचा अनुभव काय असतो, याकडे वाचकाचे लक्ष वेधले. पुढे स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी १९४४ मध्ये याच विषयावरील आपल्या बृहद् ग्रंथाला 'ॲन अमेरिकन डिलेमा' हे मुख्य शीर्षक दिले. जुना शब्द उपशीर्षकात राहिला, पण मुख्य शब्द बदलल्याने रोख बदलला. समानतेचे तत्त्व मानणाऱ्या आणि प्रत्यक्षात विषमता पाळणाऱ्या समाजाच्या मनातील ती कोंडी आहे, असे मिर्दाल यांचे प्रतिपादन होते. 'प्रॉब्लेम' एका समूहाच्या माथी मारला जात होता, 'डिलेमा' संपूर्ण राष्ट्राचा झाला.

उत्तर आयर्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ च्या गुड फ्रायडे करारापर्यंत चाललेल्या हिंसाचारात ३५०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या कालखंडाला 'द ट्रबल्स' या नावाने ओळखले जाते. एरवी घरगुती कुरबुरीलाही चालणारा हा शब्द तेथे एवढ्या मोठ्या रक्तपाताचे नाव झाला. शब्दाची तीव्रता कोशातील अर्थावरून ठरत नाही, तर त्याच्या वापराच्या इतिहासावरून ठरते, हे यातून ध्यानात येते.

शेवटचे उदाहरण अंतराळयात्रेचे. एप्रिल १९७० मध्ये 'अपोलो १३' या यानातील प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला, तेव्हा अंतराळवीरांनी ह्यूस्टन येथील नियंत्रण कक्षाला 'वुई हॅव हॅड अ प्रॉब्लेम' असे कळविले. १९९५ च्या चित्रपटानंतर हे वाक्य 'वुई हॅव अ प्रॉब्लेम' अशा साध्या वर्तमानकाळात प्रसिद्ध झाले. मूळ वाक्यातील काळ पूर्ण वर्तमान आहे, म्हणजे काहीतरी घडून गेले आहे व त्याचा परिणाम आता दिसतो आहे. प्राणावर बेतलेल्या प्रसंगी 'ट्रबल' वा 'डिझास्टर' हा शब्द न येता 'प्रॉब्लेम' हा शब्द आला. ही तांत्रिक कामकाजाची भाषा आहे : बिघाड कळविणे आणि उत्तर शोधण्यास प्रारंभ करणे. तीनही अंतराळवीर १७ एप्रिल रोजी सुखरूप परतले.

७. अध्यापनविषयक विचार

वरील विवेचनाच्या आधारे अध्यापकांच्या विचारार्थ काही सूचना कराव्याशा वाटतात.

१) समानार्थी शब्दांची सुटी यादी देण्याऐवजी प्रत्येक शब्द त्याच्या क्रियापदासह द्यावा. 'ऑब्स्टकल' एकटा न देता 'ओव्हरकम ॲन ऑब्स्टकल' असा द्यावा.

२) शब्द देण्यापूर्वी प्रसंग द्यावा. एस. टी. बस चुकणे, पिकाला भाव न मिळणे, दोन परीक्षा एकाच दिवशी येणे, गावातील नळयोजना बंद पडणे, असे प्रसंग विद्यार्थ्यांपुढे ठेवून प्रत्येकाचे स्वरूप आधी मराठीत चर्चेला घ्यावे. उत्तर शोधावयाचे आहे, सोसावयाचे आहे, ओलांडावयाचे आहे की निवडावयाचे आहे, हे ठरले की इंग्रजी शब्द ओघाने सुचतो.

३) वर्गात मराठीला मज्जाव करू नये. अर्थछटांची जाण मातृभाषेत पक्की असते. तिचा आधार घेतला तर इंग्रजीतील भेद लवकर उमगतात.

४) 'सम प्रॉब्लेम' असे लिहिलेल्या अर्जावर केवळ लाल शाईची खूण न करता 'कोणता?' असे विचारावे. अर्थात येथे एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. 'अडचण' आणि 'प्रॉब्लेम' हे शब्द आपल्याकडे संकोचाच्या, खाजगी गोष्टींवरील पडदा म्हणूनही वापरले जातात. मासिक पाळीचा उल्लेख आजही अनेक मुली याच शब्दांनी करतात. घरातील भांडण, व्यसन, कर्ज यांविषयीही तेच. शब्दाचा मोघमपणा अशा वेळी दोष नसून आश्रय असतो. म्हणून विचारणा एकान्तात व्हावी आणि उत्तर देण्याची सक्ती नसावी. शब्दाअभावी राहिलेला मोघमपणा आणि हेतुपुरस्सर राखलेला मोघमपणा यांतील भेद ओळखणे, हाही भाषा-अध्यापनाचाच भाग आहे.

८. समारोप

'प्रॉब्लेम' हा शब्द निषिद्ध आहे असे या लेखाचे म्हणणे नाही. ज्याचे उत्तर शोधावयाचे आहे त्यासाठी तो उत्तम शब्द आहे. परंतु सर्वच अडचणींना त्याने झाकले, तर सोसावे लागणारे हाल, वाटेत उभा केलेला अडथळा आणि मनाची कोंडी यांतील भेद पुसले जातात. भेद पुसले गेले की मदतीची दिशाही हरवते. समस्येला उत्तर लागते, हालांना आधार लागतो, अडथळा कोणीतरी काढावा लागतो आणि कोंडीत सापडलेल्याला सल्ला लागतो.

प्रास्ताविकातील विद्यार्थिनीचा अर्ज नंतर पुन्हा लिहिला गेला. त्यात 'फिनान्शियल हार्डशिप' हा शब्दप्रयोग आला, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या आधी आईचे आजारपण आणि कापूस वेचणीचे दोन महिने यांविषयी दोन साधी वाक्ये आली. त्या वाक्यांत व्याकरणाची एक चूक होती, तरीही अर्ज मंजूर झाला. योग्य पर्यायशब्दाची निवड ही वस्तुस्थिती नीट पाहण्यातून आणि ती सांगण्याच्या धैर्यातून होते. हे धैर्य विद्यार्थ्यांना मिळवून देणे हे इंग्रजीच्या अध्यापकाचे काम आहे. अर्ज बाजूला ठेवण्यापूर्वी एकदा विचारून पाहणे, ही त्याची पहिली पायरी होय.